इंग्लंडचे राजे आणि राण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात इंग्लंडचे राजे आपल्याला भेटतात ते सनदा आणि जाहीरनाम्यांपुरते. त्यांना मूल का झालं नाही, कोणता आजार होता, घोडा कुठे अडखळला, हे पुस्तकात येत नाही. पण त्या देशाचा धर्म, कायदे आणि संसद यांची घडण बऱ्याच अंशी याच गोष्टींतून झाली. काही धागे तर थेट मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचतात. या विषयात रस घेणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

मोजणी कुठून सुरू करायची? इंग्लंडचा राजा आणि ब्रिटनचा राजा यांत फरक आहे का?

फरक आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन वेगळी राज्यं होती. १६०३ साली पहिली एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. तिथे तो पहिला जेम्स. राजा एक झाला, तरी राज्यं आणि संसदा वेगळ्याच राहिल्या. १७०७ साली दोन्ही संसदा एक झाल्या, तेव्हापासून ब्रिटनचा राजा म्हणायचं.

राजांच्या नावांचे आकडे मात्र १०६६ च्या नॉर्मन विजयापासून, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तेव्हापासून धरतात. त्यामुळे त्याआधीचे एडवर्ड नावाचे राजे हिशेबात येत नाहीत आणि १२७२ साली गादीवर आलेला एडवर्ड ‘पहिला’ ठरतो.

विल्यमच्या राज्याभिषेकाच्या वेळी आग लागली होती, हे खरं का?

खरं आहे. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मंडीचा विल्यम लंडनला आला आणि नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याचा राज्याभिषेक झाला. जमलेल्या लोकांना इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत विचारलं गेलं, ‘हा राजा मान्य आहे ना?’ लोकांनी एकच गजर केला. बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटलं, आत दंगा उसळला. त्यांनी आसपासची घरं पेटवून दिली. लोक आग विझवायला, काही जण लुटायला, बाहेर धावले आणि उरलेल्या थोड्या धर्मगुरूंनी थरथरणाऱ्या राजाचा विधी कसाबसा पुरा केला.

त्याचा शेवटही असाच झाला. १०८७ साली नॉर्मंडीतल्या काँ शहरात दफनविधी सुरू असताना एक गावकरी पुढे आला आणि म्हणाला, ही जमीन माझ्या बापाकडून हिसकावलेली आहे, इथे याला पुरू देणार नाही. त्याला पैसे देऊन गप्प करावं लागलं. मग दगडी शवपेटी लहान पडली, देह दाबून बसवताना पोट फुटलं आणि दुर्गंधीने लोक पळाले. साऱ्या देशाच्या जमिनीची आणि गुराढोरांची नोंद करून घेणाऱ्या राजाला स्वतःच्या थडग्याची जागा वादात मिळाली.

इंग्लंडच्या राजांना इंग्रजी येत नव्हतं, असं म्हणतात ते कितपत बरोबर?

पहिल्या तीनशे वर्षांपुरतं बऱ्याच अंशी बरोबर. दरबार फ्रेंच बोलायचा. १३९९ साली गादी बळकावणारा चौथा हेन्री हा विजयानंतरचा पहिला राजा, ज्याची मातृभाषा इंग्रजी होती. पुढे १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरहून पहिला जॉर्ज आला, त्याची जर्मन आणि फ्रेंचवरच भिस्त होती.

‘सिंहहृदयी’ रिचर्डचं उदाहरण तर फार बोलकं आहे. इंग्लंडच्या संसदेबाहेर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याने राज्य केलं दहा वर्षं (११८९ ते ११९९), पण त्या काळात तो इंग्लंडमध्ये राहिला जेमतेम सहा महिने. धर्मयुद्धाहून परतताना ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला पकडलं आणि सुटकेसाठी दीड लाख मार्क मागितले गेले. तो पैसा इंग्लंडच्या प्रजेने कर भरून उभा केला. मला या राजाबद्दल कधी आदर वाटला नाही. ज्या प्रजेने त्याला सोडवलं, तिच्यात तो राहिलाच नाही.

लंडनच्या टॉवरमध्ये खरंच अस्वल होतं?

होतं, आणि तेही पांढरं. टॉवर म्हणजे लंडनमधला राजाचा जुना किल्ला. १२५२ साली नॉर्वेच्या राजाने तिसऱ्या हेन्रीला ते भेट दिलं. त्याला लांब दोरी बांधून थेम्स नदीत मासे पकडायला सोडत. त्याचा खर्च लंडनच्या नगर अधिकाऱ्यांच्या माथी होता. १२५५ साली फ्रान्सच्या राजाकडून हत्ती आला. तो दोनच वर्षं जगला.

तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा पार्किंगखाली कसा सापडला?

२२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला. रणांगणावर पडलेला तो इंग्लंडचा शेवटचा राजा. विजेत्या ट्यूडर घराण्याने त्याचं प्रेत लेस्टरला नेलं आणि ग्रेफ्रायर्स नावाच्या मठात घाईने पुरलं. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडले, इमारत गेली, जागेवर बागा झाल्या, घरं झाली आणि शेवटी नगरपालिकेच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. २०१२ साली लेस्टर विद्यापीठाच्या उत्खननात सांगाडा मिळाला. त्याच्या बहिणीच्या, म्हणजे मातृवंशाच्या, आजच्या वंशजांशी डीएनए जुळला. मार्च २०१५ मध्ये लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याचं सन्मानाने पुन्हा दफन झालं.

यात महत्त्वाचं काय? ट्यूडर काळातल्या लिखाणाने त्याला कुबडा राक्षस करून ठेवलं होतं. पाठीचा कणा वाकडा होता, हे सांगाड्याने सिद्ध केलं. पण कुबड नव्हतं. एक खांदा थोडा वर दिसत असावा, इतकंच. टॉवरमध्ये ठेवलेल्या दोन कोवळ्या पुतण्यांचं काय झालं, हा आरोप मात्र हाडांनी धुतला जात नाही. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ १४८३ च्या उन्हाळ्यानंतर कुणाला दिसले नाहीत आणि तेव्हा त्यांची जबाबदारी रिचर्डवर होती.

आठव्या हेन्रीने सहा लग्नं का केली? तो स्त्रीलंपट होता का?

लंपट होताच, पण तेवढ्याने लग्नांचा उलगडा होत नाही. प्रेयसी ठेवायला लग्न लागत नव्हतं. त्याला हवा होता औरस मुलगा. त्याच्या बापाने गादी तलवारीने मिळवली होती आणि त्याआधी तीस वर्षं देश घराण्यांच्या यादवीत होरपळला होता. वारस नसेल तर पुन्हा तेच होईल, ही भीती खरी होती.

पहिली राणी अ‍ॅरागॉनची कॅथरीन. तो अठराव्या वर्षी तिच्याशी लग्न करून चोवीस वर्षं नांदला. मुलं होत आणि जात. जगली फक्त मेरी. त्याने पोपकडे विवाह रद्द करून मागितला. पण १५२७ पासून पोप ज्या सम्राटाच्या दहशतीखाली होता, तो सम्राट कॅथरीनचा सख्खा भाचा. परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. मग १५३४ साली संसदेने कायदा करून राजालाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. पुढच्या सहा वर्षांत सुमारे आठशे मठ बंद झाले आणि त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या.

अ‍ॅन बोलिनने मुलगी दिली, एलिझाबेथ. मे १५३६ मध्ये व्यभिचाराच्या आरोपाखाली अ‍ॅनचं शिर उडवलं गेलं. त्यासाठी फ्रान्सहून खास तलवारबाज मागवला होता. अकरा दिवसांनी हेन्रीने जेन सीमोरशी लग्न केलं. तिने एडवर्डला जन्म दिला आणि बारा दिवसांत ती वारली. क्लीव्हजची अ‍ॅन राजाला पसंत पडली नाही. तिने मुकाट्याने विवाह रद्द होऊ दिला, भरपूर इस्टेट मिळवली आणि ती शांतपणे जगली. सहाही जणींत मला तीच सर्वांत शहाणी वाटते. पाचवी कॅथरीन हॉवर्ड, वय विशीच्या आसपास, हिचंही शिर गेलं. सहावी, कॅथरीन पार, त्याच्या मृत्यूनंतरही जगली.

१५३६ साली द्वंद्वाच्या खेळात घोड्यासकट पडल्यावर त्याचा पाय चिघळला तो कायमचा. तरुणपणी देखणा खेळाडू असलेल्या या माणसाची कंबर शेवटी ५० इंचांच्या वर गेली होती. राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा एक अधिकारी असे आणि ही जागा मिळवायला सरदारांची पोरं धडपडत, कारण राजाशी एकांतात बोलायला मिळे.

ज्या मुलासाठी एवढं झालं, तो एडवर्ड पंधराव्या वर्षी गेला. चव्वेचाळीस वर्षं राज्य केलं ते नकोशा मुलीने.

पहिल्या एलिझाबेथने लग्न का केलं नाही?

आईचं शिर बापाने उडवलं तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. थोरली बहीण मेरी स्पेनच्या फिलिपशी लग्न करून प्रजेच्या मनातून उतरली, हे तिने पाहिलं होतं. लग्न केलं तर नवरा सत्ता घेणार. परदेशी केला तर देश त्याच्या मागे फरफटणार, देशी केला तर बाकीचे सरदार जळणार. तिने वाटाघाटी वर्षानुवर्षं चालू ठेवल्या आणि त्याचा परराष्ट्र धोरणासारखा वापर केला. गोड खाण्याने तिचे दात काळे पडले होते. १५६२ साली देवीच्या आजारात ती मरता मरता वाचली. तिने ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना एक सनद दिली. ती ईस्ट इंडिया कंपनीची.

पहिल्या चार्ल्सने फाशीच्या दिवशी दोन शर्ट घातले होते?

फाशी नव्हे, शिरच्छेद. ३० जानेवारी १६४९, लंडनमध्ये कडाक्याची थंडी. थंडीने अंग कापलं तर लोकांना वाटेल राजा भ्यायला, म्हणून त्याने दोन सदरे मागितले. राजा म्हणून त्याने अनेक घोडचुका केल्या, संसदेशी हटवादीपणाने भांडून देश यादवीत लोटला. त्या सकाळी मात्र तो डगमगला नाही.

मुंबई खरंच हुंड्यात दिली गेली? आणि दहा पौंडांना?

या दोन वेगळ्या घटना आहेत आणि नेहमी एकत्र सांगितल्या जातात. मारल्या गेलेल्या चार्ल्सचा मुलगा, दुसरा चार्ल्स, १६६० साली परत गादीवर आला तेव्हा तिजोरी रिकामी होती. पोर्तुगालला स्पेनविरुद्ध मित्र हवा होता. १६६१ च्या तहानुसार राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझाच्या हुंड्यात मोठी रोकड, उत्तर आफ्रिकेतलं टँजियर बंदर आणि मुंबई बेट देऊ केलं. गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं. त्यांनी टाळाटाळ केली आणि प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडलं.

राजाला या दलदलीच्या बेटाचा खर्चच अधिक. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते कंपनीला दिलं, वर्षाला दहा पौंड भाड्याने, तेही सोन्याच्या नाण्यांत. टँजियरवर मात्र त्याने बेसुमार पैसा ओतला आणि १६८४ साली ते सोडून द्यावं लागलं. ज्यावर जीव होता ते गेलं, जे नकोसं होतं ते महानगर झालं.

कॅथरीनला मूल झालं नाही. चार्ल्सला बाहेर डझनभर तरी मुलं होती, पण औरस एकही नाही. राणीला सोडा, असा आग्रह होऊनही त्याने तिला सोडलं नाही. त्याच्या नावावर ही एक गोष्ट जमा धरली पाहिजे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा लंडनच्या गादीवर हाच चार्ल्स होता आणि मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन गडावर हजर होता.

राजाच्या स्पर्शाने आजार बरा होतो, असं लोक मानायचे?

हो, गंडमाळांचा आजार. मध्ययुगापासून ही समजूत होती. दुसऱ्या चार्ल्सने आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक रोग्यांना स्पर्श केला. ज्या राजघराण्याचं शिर प्रजेनेच उडवलं होतं, त्याला आपल्या दैवी हक्काची आठवण करून द्यायला यापेक्षा चांगला विधी कुठला? शेवटची स्पर्श करणारी राणी अ‍ॅन. १७१२ साली तिच्यापुढे आणलेल्या मुलांत पुढे प्रसिद्ध कोशकार झालेला सॅम्युएल जॉन्सन होता. तो बरा झाला नाही.

जर्मन घराणं इंग्लंडच्या गादीवर कसं आलं?

अ‍ॅन राणीच्या दुःखातून. तिला सतरा वेळा दिवस गेले. गर्भपात, मृत जन्म, तान्ह्या वयातले मृत्यू. एकच मुलगा, विल्यम, जरा मोठा झाला. तोही १७०० साली अकरावा वाढदिवस होऊन काही दिवसांतच गेला. अकरा वर्षांच्या पोराच्या मरणाने संसदेला कायदा करावा लागला. १७०१ च्या त्या कायद्याने कॅथलिकांना गादीवरून बाद केलं आणि वारसा पहिल्या जेम्सची प्रोटेस्टंट नात, हॅनोव्हरची सोफिया, हिच्याकडे नेला. सोफिया अ‍ॅनच्या दोनच महिने आधी वारली, म्हणून १७१४ साली तिचा मुलगा जॉर्ज आला. रक्ताने त्याच्याहून जवळचे पन्नासच्या वर नातेवाईक होते, पण ते सगळे कॅथलिक.

इतिहासाच्या पुस्तकात या कायद्याची कलमं असतात. अ‍ॅनच्या सतरा बाळंतपणांचा उल्लेख एका ओळीत संपतो. राज्याभिषेकाला तिला खुर्चीतून उचलून न्यावं लागलं होतं, इतकी ती आजाराने खचली होती. तशा अवस्थेत तिने बारा वर्षं राज्य केलं आणि इंग्लंड-स्कॉटलंड एक केले. तिच्याबद्दल अधिक लिहिलं गेलं पाहिजे.

तिच्याआधीचा राजा, तिसरा विल्यम, घोड्यावरून पडून गळपट्टीचं हाड मोडल्यावर १७०२ साली वारला. घोडा अडखळला चिचुंदरीसारख्या एका बिळवासी प्राण्याने उकरलेल्या ढिगाऱ्यावर. विल्यमचे विरोधक पुढे कितीतरी वर्षं ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या सद्गृहस्थांच्या’ नावाने प्याला उंचावत.

तिसरा जॉर्ज वेडा होता का?

आजारी होता. १७८८ साली तो तासन् तास थांबल्याशिवाय बोलू लागला. त्याला बांधून ठेवलं गेलं, अंगावर फोड आणणारे लेप लावले गेले. त्या वेळी बरा झाला. १८१० नंतर मात्र त्याचं भान कायमचं गेलं आणि १८११ पासून मुलगा त्याच्या वतीने कारभार पाहू लागला. १९६० च्या दशकात पॉर्फिरिया या चयापचयाच्या विकाराचं निदान पुढे आलं आणि ते फार लोकप्रिय झालं. अलीकडचे अभ्यासक त्याच्या पत्रांच्या आधारे मानसिक आजाराकडे अधिक कल देतात.

एरवी तो साधा, एकपत्नी, शेतीत रमणारा माणूस. लोक त्याला शेतकरी जॉर्ज म्हणत. त्याने जमवलेली सुमारे ६५ हजार पुस्तकं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याच्याच काळात अमेरिका गेली, आणि आपल्याकडची तिन्ही इंग्रज-मराठा युद्धं झाली. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ज्याच्या नावाने हे राज्य चाललं होतं तो राजा विंडसरच्या वाड्यात आंधळा, भान हरपलेला बसून होता. पुण्यात काय घडलं, हे समजण्याच्या पलीकडे तो गेला होता.

व्हिक्टोरिया राणी भारतात कधी आली होती?

कधीच नाही. १८७७ च्या १ जानेवारीला दिल्लीत तिला सम्राज्ञी घोषित केलं, तेही तिच्या गैरहजेरीत. पण वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १८८७ साली, आग्र्याहून आलेल्या अब्दुल करीमकडून ती हिंदुस्थानी शिकू लागली आणि मरेपर्यंत वह्या भरत राहिली. दरबाऱ्यांना करीम डोळ्यांसमोर नको होता. ती गेल्यावर मुलाने तिची करीमला लिहिलेली पत्रं जाळायला लावली आणि त्याला आग्र्याला परत पाठवलं.

इकडे महाराष्ट्रात तिची प्रतिमा निराळी होती. १८९६ साली मुंबईतल्या तिच्या पुतळ्याला दामोदर चापेकरांनी डांबर फासलं. २२ जून १८९७ च्या रात्री, तिच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँड या पुण्याच्या प्लेग अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमांचा तो सूड होता. चापेकर बंधूंना फाशी झाली.

मुंबईतला काळा घोडा कोणाचा?

सातव्या एडवर्डचा, म्हणजे व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचा. १८७५ साली युवराज असताना तो मुंबईला आला, त्या भेटीची आठवण म्हणून ससून यांनी हा पुतळा दिला. १९६५ साली तो तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र त्या भागाला चिकटलं ते चिकटलंच. २०१७ साली तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला.

हा एडवर्ड सँड्रिंगहॅमच्या वाड्यातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे ठेवायचा, शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. पाहुण्यांचं येताना आणि जाताना वजन करायचा. घड्याळांची ही पद्धत १९३६ साली त्याच्या नातवाने, आठव्या एडवर्डने, बंद केली.

तोच प्रेमासाठी गादी सोडणारा ना?

तोच. ११ डिसेंबर १९३६ रोजी त्याने दोनदा घटस्फोट घेणाऱ्या वॉलिस सिम्पसनसाठी गादी सोडली, राज्याभिषेक न होताच. युवराज असताना १७ नोव्हेंबर १९२१ रोजी तो मुंबईत उतरला तेव्हा बहिष्कार आणि दंगल झाली. दोन दिवसांनी पुण्यात त्याच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसवली गेली. यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पुढाकार होता.

त्याचे वडील पाचवे जॉर्ज यांना डॉक्टरांनीच मारलं, हे खरं का?

मरणाच्या दारात होते, त्यांना लवकर पोहोचवलं गेलं. २० जानेवारी १९३६ च्या रात्री राजवैद्य लॉर्ड डॉसन यांनी मॉर्फिन आणि कोकेन टोचलं. बातमी संध्याकाळच्या सवंग पत्रांऐवजी सकाळच्या प्रतिष्ठित वर्तमानपत्रात यावी, हाही विचार त्यामागे होता. हे डॉसननी स्वतःच लिहून ठेवलेलं टिपण १९८६ साली उजेडात आलं. जॉर्ज १९११ साली अपोलो बंदरावर उतरले, त्याचं स्मारक म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. ते पूर्ण झालं १९२४ साली.

आज राजाच्या हातात किती सत्ता आहे?

नावापुरती बरीच, प्रत्यक्षात फारच थोडी. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला शेवटचा नकार दिला तो अ‍ॅन राणीने, १७०८ साली. पासपोर्ट राजाच्या नावाने दिले जातात, म्हणून राजाला स्वतःला तो लागत नाही. सत्तर वर्षं राज्य केलेल्या दुसऱ्या एलिझाबेथकडे तो कधीच नव्हता. २०१३ च्या कायद्याने थोरली मुलगी असली तरी तीच वारस ठरते.

संसदेच्या अधिवेशनाचं उद्घाटन आजही राजा करतो, पण वरिष्ठ सभागृहात बसून. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स पाच सदस्यांना पकडायला शिपाई घेऊन कनिष्ठ सभागृहात घुसला होता. ते पाचही आधीच निसटले होते. त्यानंतर कुठल्याही राजाने किंवा राणीने अधिवेशन चालू असताना त्या सभागृहात पाऊल टाकलेलं नाही. उद्घाटनाच्या दिवशी राजाचा दूत सदस्यांना बोलवायला येतो तेव्हा दार त्याच्या तोंडावर आपटून बंद केलं जातं आणि त्याला काठीने तीनदा ठोठवावं लागतं. राजा संसदेतून सुखरूप परत येईपर्यंत एका खासदाराला बकिंगहॅम पॅलेसमध्ये ओलीस ठेवतात.